मॅकवर क्यूजीआयएस सोर्सपासून बांधलंय का कुणी? (माझ्या विहिरी समुद्रात गेल्यात)

पाणलोट | सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. या विभागात माझा पहिलाच धागा, जागा चुकली असेल तर संपादकांनी हलवावा.

माण तालुक्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेसाठी मी नकाशे करतो. दहिवडीच्या आसपासच्या गावांतल्या विहिरी, ओढे, बंधारे, समतल चर, जे काही असेल ते. इतकी वर्षं जुन्या इंटेल मॅकबुकवर क्यूजीआयएस ३.४ (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) होतं आणि सोबत एक पायथनची स्क्रिप्ट. ती सीएसव्हीतून विहिरींचे अक्षांश-रेखांश उचलते, यूटीएम ४३ मध्ये (मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशाच्या पट्ट्यात) नेते आणि थर तयार करून देते. सगळं सुखात चाललं होतं.

दिवाळीत नवा एम-चिपवाला मॅक घेतला. मायग्रेशन असिस्टंटने जुन्या घरचं सामान जसंच्या तसं नव्या घरी आणून टाकलं. आता क्यूजीआयएस नवं घालायचंय, पण तयार पॅकेजवर आम्हाला लागणारं एक प्लगिन उघडलं की अख्खं अ‍ॅप मरतं. का मरतं ते पाहायला डीबग बिल्ड हवं, म्हणून सोर्स (मूळ कोड, तो आपणच कंपाइल करायचा) उतरवला. आतापर्यंतची प्रगती:

सीमेक (बांधणीची तयारी करणारं साधन) म्हणतो सगळं सापडलं. तासभर कंपाइल होतं. शेवटी लिंकिंगला आलं की "अनडिफाइन्ड सिम्बॉल्स फॉर आर्किटेक्चर एआरएम६४" म्हणून तीन पानं शिव्या.

मधेच कधीतरी "प्रोज डॉट डीबी सापडत नाही" असंही येतं (प्रोज म्हणजे अक्षांश-रेखांशांचं रूपांतर करणारी लायब्ररी). ती फाइल मला डोळ्यांनी दिसते आहे.

आणि तिसरं, जे मला अजिबात समजलेलं नाही: जीडॅल (नकाशांचा डेटा वाचणारी लायब्ररी) नवं घातल्यावर स्क्रिप्ट विनातक्रार चालते, पण विहिरी दहिवडीत न पडता नॉर्वेच्या वर भर समुद्रात पडतात. सगळ्या. एकमेकींपासून अंतर राखून, व्यवस्थित.

प्रश्न दोन. हे कसं निस्तरायचं? आणि मुळात मॅकवर हे सोर्सपासून बांधण्यात काही अर्थ आहे का?

(मंचाचा कळफलक रोमन अक्षर टिकू देत नाही, त्यामुळे कमांड देवनागरीत आहेत. टर्मिनलमध्ये तशाच चिकटवू नका.)

---

खिडकीवाला | रात्री ११:५८

विंडोज घ्या.

---

कुंपणावरचा | मंगळवार, रात्री १२:०३

पहिल्याच प्रतिसादात धागा संपवला की हो. तरी पॉपकॉर्न घेऊन बसतो.

---

आंबोळी | सकाळी ७:२०

रागावू नका, पण भाकरी खायची म्हणून तुम्ही ज्वारी पेरायला निघालात. तयार डीएमजी उतरवायची, अ‍ॅप्लिकेशन्समध्ये ओढायची, कामाला लागायचं. मी रत्नागिरीत आंबा बागांचे नकाशे करते. चार वर्षांत एकदाही "कंपाइल" हा शब्द उच्चारलेला नाही.

प्लगिन मरत असेल तर ते प्लगिन वापरू नका. हाकानाका.

---

पाणलोट | सकाळी ७:४५

@आंबोळी, माणमध्ये आम्ही भाकरीसाठी ज्वारीच पेरतो :) प्लगिन सोडता येत नाही. चरांची लांबी आणि त्यात अडणारं पाणी काढायचं सगळं त्यातच बसवलेलं आहे.

---

टर्मिनलबाबा | सकाळी ९:१०

आता कामाचं बोलू.

तुमचं पहिलं दुखणं शेकडा नव्वद वेळा एकाच कारणाने होतं. इंटेल मॅकवर होमब्रू (सॉफ्टवेअर बसवून देणारं साधन, थोडक्यात ब्रू) सगळं सामान यूएसआर-लोकलमध्ये ठेवायचं. एम-चिपच्या मॅकवर ते ऑप्ट-होमब्रूमध्ये ठेवतं. मायग्रेशनने जुनं यूएसआर-लोकल अख्खं उचलून आणलं, त्यावर तुम्ही नवं होमब्रू घातलंत. म्हणजे एका घरात दोन स्वयंपाकघरं झाली, आणि दोन्हींत मिठाचे डबे सारखेच. सीमेकला "जीऑस कुठाय?" विचारलं की आधी हाताला लागेल तो डबा उचलतो. त्यात इंटेलचं मीठ आहे की एआरएमचं हे तो बघत नाही. ते कळतं थेट लिंकरला, तासाभराने.

तपासायला तीन गोष्टी करा. टर्मिनलमध्ये "यूनेम -एम" मारा. उत्तर एआरएम६४ यायला हवं. एक्स८६ आलं तर टर्मिनलच रोझेटात (इंटेलचे प्रोग्रॅम एम-चिपवर चालवणारी सोय) उघडतंय. फाइंडरमध्ये टर्मिनलच्या गेट इन्फोत "ओपन यूझिंग रोझेटा"ची खूण असेल, ती काढा. मग "व्हिच -ए ब्रू". दोन ओळी आल्या तर दोन ब्रू. आणि शेवटी बिल्डच्या फोल्डरमधली सीमेककॅश ही फाइल उघडून तिच्यात "यूएसआर-लोकल" शोधा. किती वेळा सापडलं ते इथे सांगा.

---

पाणलोट | सकाळी १०:३२

यूनेम: एआरएम६४. व्हिच: दोन ब्रू. कॅशमध्ये यूएसआर-लोकल: ४१ वेळा.

---

कुंपणावरचा | सकाळी १०:३३

एक्केचाळीस! आहेर करायला हवा.

---

टर्मिनलबाबा | सकाळी १०:५०

जुना ब्रू काढा. त्याचीच अनइन्स्टॉल स्क्रिप्ट आहे, ती चालवा. आधी "ब्रू लिस्ट"ची यादी एका फाइलमध्ये ठेवा, नंतर काय काय होतं ते आठवत नाही. मग बिल्डचं फोल्डर पूर्ण उडवा. नुसता सीमेक परत चालवून भागत नाही, कारण एकदा लिहिलेला रस्ता कॅश आपणहून विसरत नाही. गावातल्या मयतासारखं आहे, माणूस गेला तरी सातबाऱ्यावर नाव राहतं.

---

सापसुरळी | सकाळी ११:१५

टर्मिनलबाबांशी आदरपूर्वक असहमत. जुना ब्रू काढाल आणि नव्या ब्रूवर बांधायला जाल, तर पुढच्या खड्ड्यात पडाल. होमब्रूमध्ये क्यूजीआयएस आहे ते कास्क म्हणून, म्हणजे तयार अ‍ॅपच. सोर्ससाठीची सामग्री एकेक करून गोळा करावी लागते आणि त्यातल्या क्यूटीवर (खिडक्या-बटणं दाखवणारी लायब्ररी, पायथनसाठी पायक्यूटी) चालणाऱ्या बऱ्याच गोष्टी आता क्यूटी ६ वर गेल्यात. तुमचं प्लगिन पायक्यूटी ५ वर असणार. एका प्रोसेसमध्ये दोन क्यूटी आले की "अमुक क्लास दोन्हीकडे आहे, कोणता वापरला जाईल सांगता येत नाही" अशी सूचना येते आणि मग अ‍ॅप कोसळतं.

कोंडा-फोर्जवरून (कोंडा या साधनाचा सॉफ्टवेअरसाठा) वेगळं एनव्हायर्नमेंट करा, सगळं एकाच जागचं, एकमेकांशी जुळलेलं मिळतं. दहा मिनिटांचं काम.

---

टर्मिनलबाबा | सकाळी ११:४०

दहा मिनिटं? कोंडा अवलंबित्वं सोडवत बसतं तेवढ्यात माझा चहा, आंघोळ आणि एक झोप होते.

---

सापसुरळी | सकाळी ११:४४

तुम्ही जुनं कोंडा वापरता. आणि आंघोळीचा क्रम चुकलाय.

---

आंबोळी | सकाळी ११:५०

हे दोघं भांडून होईपर्यंत माझे तीन बागांचे नकाशे छापून झाले. सांगून ठेवते.

---

उलटसुलट | दुपारी १:०५

विहिरींचं कुणीच बोलत नाही, म्हणून मी बोलतो. यात बिल्डचा काही दोष नाही.

जीडॅल ३.० मे २०१९ मध्ये आलं. त्याला प्रोज ६ किंवा पुढचं लागतं, आणि तिथून एक मोठा बदल झाला. ईपीएसजी ४३२६ ची (साध्या अक्षांश-रेखांशांच्या संदर्भप्रणालीची) अधिकृत व्याख्या सांगते की आधी अक्षांश, मग रेखांश. जीडॅल २ पर्यंत या क्रमाकडे लायब्ररी दुर्लक्ष करायची आणि आपण सगळे एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश असं देत होतो. जीडॅल ३ व्याख्या पाळतं. तुमची स्क्रिप्ट अजून आधी रेखांश देते. दहिवडी साधारण १७.७ उत्तर, ७४.५५ पूर्व. उलटं वाचलं की होतं ७४.५५ उत्तर, १७.७ पूर्व. म्हणून नॉर्वेच्या वर.

क्यूजीआयएस स्वतः हे आतल्या आत सांभाळून घेतं, त्यामुळे माउसने काम करणाऱ्यांना पत्ता लागत नाही. स्वतःच्या स्क्रिप्टवाले सापडतात. स्रोत आणि लक्ष्य, दोन्ही संदर्भप्रणालींवर "सेट अ‍ॅक्सिस मॅपिंग स्ट्रॅटेजी" करून "ट्रॅडिशनल जीआयएस ऑर्डर" सांगा. पायप्रोज वापरत असाल तर "ऑलवेज एक्सवाय" ट्रू. बस्स.

वाईट हे की काहीच चूक दाखवली जात नाही. ९० च्या खालचा कुठलाही आकडा अक्षांश म्हणून चालतो. आपला अख्खा महाराष्ट्र रेखांशाने साधारण ७२ ते ८१ मध्ये, म्हणजे बरोब्बर चालणाऱ्यांतला. जपानमध्ये असतात तर १३५ अक्षांश बघून लायब्ररीने लगेच आरडाओरडा केला असता.

---

फियोर्डकाठची | दुपारी १:५०

थांबा थांबा! मी नॉर्वेत राहते. ७४.५५, १७.७ टाकून पाहिलं. तुमच्या विहिरी ब्यॉर्नोयाच्या पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर आहेत! ब्यॉर्नोया म्हणजे अस्वल बेट, स्वालबार्डमधलं सगळ्यात दक्षिणेचं. १५९६ मध्ये बॅरेंट्सच्या तुकडीला सापडलं, तिथे त्यांची पांढऱ्या अस्वलाशी गाठ पडली म्हणून हे नाव. आता तिथे हवामान केंद्र आहे आणि मोजकी माणसं राहतात. पाणलोटाचं काम करायला भरपूर वाव आहे, पाणी तर चहूबाजूंनी आहे.

---

पाणलोट | दुपारी २:१५

@उलटसुलट साष्टांग दंडवत. दोन ओळी घातल्या, विहिरी माणात परत आल्या. पंधरा दिवस मी प्रोजेक्शनची फाइल बदलत बसलो होतो.

@फियोर्डकाठची, संस्थेच्या बैठकीत विस्ताराचा प्रस्ताव म्हणून मांडतो.

---

वैदर्भी | दुपारी ३:३०

अवांतर, पण विहिरींवरून आठवलं. "महाराष्ट्र म्हणजे यूटीएम ४३" असं पुण्या-मुंबईचे लोक डोळे मिटून धरतात. ४३ चा पट्टा ७२ ते ७८ अंश. अमरावती ४३ मध्ये, वर्धा-नागपूर-चंद्रपूर ४४ मध्ये. आमच्याकडे एकदा सगळ्या राज्याचा थर ४३ मध्ये आला होता आणि गडचिरोलीतली क्षेत्रफळं थोडी थोडी जास्त येत होती. पट्ट्याच्या बाहेर जितकं जाल तितका फरक वाढत जातो. दुर्लक्ष इथेही!

---

कुंपणावरचा | दुपारी ३:३४

विदर्भाचा अनुशेष यूटीएमपर्यंत पोचला.

---

ग्रासआजोबा | सायंकाळी ५:२०

तुमचा धागा वाचून जुने दिवस आठवले. नव्वदीच्या दशकात पुण्यात एका सन वर्कस्टेशनवर मी ग्रास ४ (नकाशांचंच जुनं सॉफ्टवेअर) बांधत असे. ग्रास ही मूळ अमेरिकी सैन्याच्या बांधकाम संशोधन प्रयोगशाळेची, इलिनॉयमधली. १९८२ पासूनची. सैन्याने पुढे हात काढून घेतला, विद्यापीठांनी सांभाळली, १९९९ मध्ये जीपीएल परवान्याखाली आली. क्यूजीआयएस त्या मानाने नातू, २००२ मधलं. गॅरी शर्मन या गृहस्थांनी सुरू केलं तेव्हा ते पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमधला डेटा बघायचं साधन होतं. नाव तेव्हा क्वांटम जीआयएस. २०१३ मध्ये २.० आलं तेव्हा क्वांटम गळालं.

मॅकवर तेव्हा विल्यम किंग्सबेरी यांचे बांधलेले संच सगळेच वापरायचे. जीडॅल, जीऑस, प्रोज सगळं वेगवेगळ्या फ्रेमवर्कमध्ये, क्रमाने बसवायचं. एक माणूस जगभरच्या मॅकवाल्यांना नकाशे पुरवत होता म्हणा ना. तुम्ही पोरं "तयार डीएमजी ओढा" म्हणता, त्यामागे कुणीतरी रात्री जागवलेल्या असतात.

एक व्यावहारिक सूचना. ग्रास सोर्सपासून बांधणार असाल तर ज्या फोल्डरमध्ये बांधाल त्याच्या पूर्ण मार्गात कुठेही मोकळी जागा नको. मेकफाइलला ती चालत नाही.

---

पाणलोट | सायंकाळी ५:३१

आजोबा, माझं फोल्डर "माझे नकाशे नवीन शेवटचे २" असं आहे.

---

ग्रासआजोबा | सायंकाळी ५:३३

शिव शिव.

---

डोंगरवाट | रात्री ८:१०

नावांवरून माझीही रडकथा. शेपफाइलमध्ये (नकाशाचा थर साठवायचा जुना फाइल-प्रकार) रकान्याचं नाव दहा बाइटच्या वर जात नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे तीन चिन्हं! काना-मात्रा वेगळी मोजून. "गावाचे" लिहिलं की उरतं "गाव". "विहिरीची खोली" होते "विह", "विद्युत पंप" होतो "विद". मी दोन महिने सर्वेक्षण करून आणलं तेव्हा टेबलात निम्मे रकाने "वि"ने सुरू होणारे आणि पुढे काय ते देवालाच ठाऊक.

त्याऐवजी जिओपॅकेज हा फाइल-प्रकार वापरा हो. शेपफाइलचं श्राद्ध घाला एकदाचं.

---

आंबोळी | रात्री ८:२५

@डोंगरवाट +१. आमच्याकडे "हापूस" आणि "हापूस कलमे" या दोन रकान्यांचं "हाप" आणि "हा_१" झालं होतं. मजुरांनी विचारलं, ताई, हाप कसली?

रच्याकने, आजोबांचा प्रतिसाद वाचून थोडी ओशाळले. डीएमजी ओढते, पण बांधणाऱ्यांना नमस्कार.

---

सापसुरळी | रात्री ९:००

पाणलोट, बिल्डचं काय झालं?

---

पाणलोट | बुधवार, रात्री १:१७

लिहितो, कारण झोप उडालीय.

जुना ब्रू काढला. बाबा आणि सुरळी दोघांचंही ऐकलं आणि दोघांचंही ऐकलं नाही: सामग्री मॅकपोर्ट्सवरून (ब्रूसारखंच दुसरं साधन) आणली. त्यात क्यूजीआयएस ३ चं पोर्ट आहे, त्याची अवलंबित्वं तेवढी बसवली. सगळं ऑप्ट-लोकलमध्ये, क्यूटी ५ सकट. पाथमधून नवा ब्रूही तात्पुरता हाकलला, एका वेळी एकच स्वयंपाकघर. फोल्डरचं नाव बदललं (आजोबा, आता ते नुसतं "क्यू" आहे).

पहिला दगड: बायसन. मॅकओएसबरोबर येतं ते २.३, क्यूजीआयएसला नवं लागतं. नवं बसवलेलं होतं, पण पाथमध्ये जुनं पुढे. सुटलं.

दुसरा: मी हौसेने आठ समांतर कामं लावली. पायथन बाइंडिंगच्या अगडबंब फायली आल्या आणि माझ्या आठ जीबी मेमरीत स्वॅप सुरू झाला. माझा एअर, त्याला पंखाच नाही. मांडीवर ठेवला असता तर पापड भाजले असते. चारवर आणलं, मग नीट चाललं.

तिसरा: सगळं बांधून झालं! चालवलं! आणि "प्रोज डॉट डीबी सापडत नाही".

आता झोपतो.

---

टर्मिनलबाबा | सकाळी ८:४०

झेडएसएचआरसी फाइल (टर्मिनल सुरू होताना वाचतं ती) उघडून पाहा. "प्रोज_लिब" किंवा "प्रोज_डेटा" असं काही लिहिलंय का? प्रोज ६ पासून संदर्भप्रणालींची सगळी माहिती साध्या मजकुराच्या फायलींतून एका एसक्यूलाइट डेटाबेसमध्ये गेली, ती ही प्रोज डॉट डीबी. ती कुठे आहे ते या चलातून सांगता येतं. आधी त्याचं नाव प्रोज_लिब होतं, ९.१ पासून प्रोज_डेटा, पण जुनं नावही मानलं जातं. कुणीतरी कधीतरी "हे घाल म्हणजे चालेल" सांगितलेलं असतं, आपण घालतो, चालतं, विसरतो. मग पाच वर्षांनी लायब्ररी त्या जुन्या पत्त्यावर जाऊन दार वाजवत बसते.

---

पाणलोट | सकाळी ९:०५

आहे. ओळ आहे. वर मीच टिप्पणीही लिहिलीय: "तात्पुरतं, नंतर काढणे".

---

कुंपणावरचा | सकाळी ९:०६

सरकारी पुलांवर असतं तसं.

---

फियोर्डकाठची | सकाळी १०:२०

वाचनखूण साठवली. माझ्याकडे ऑफिसात मॅक आहे आणि तिथे मी एकदा लायब्ररीचा मार्ग बदलायला इन्स्टॉल-नेम-टूल चालवलं होतं. प्रोग्रॅम सुरू होताच "किल्ड: ९", बाकी एक अक्षर नाही. दोन दिवस गेले. एम-चिपवर प्रत्येक बायनरीला सही लागते. फाइलमध्ये बदल केला की सही मोडते आणि प्रणाली प्रोग्रॅमला उभ्या उभ्या मारते. कोडसाइन घेऊन तदर्थ सही पुन्हा केली की चालतं. कुणाला पुढे लागलं तर असू द्या.

---

टर्मिनलबाबा | सकाळी १०:३१

उत्तम मुद्दा, हे मी विसरलो होतो. कोणती लायब्ररी कुठून उचलली जाते ते बघायला "ओटूल -एल". मॅकवर बांधताना माझा अर्धा वेळ सी++ मध्ये जात नाही, या ओटूलमध्येच जातो.

---

पाणलोट | रात्री १०:४८

मंडळी, बसा. हे सांगायलाच हवं.

ती ओळ काढली, प्रोज गप्प झालं. डीबग बिल्ड उघडलं. प्लगिन चालू केलं. डीबगर लावून दबा धरून बसलो, आता मरेल, आता मरेल. मेलं नाही. उलट एक नीट, स्पष्ट चूक दाखवली: पायक्यूटीची फाइल "विसंगत आर्किटेक्चरची आहे, हवंय एआरएम६४, आहे एक्स८६". आणि फाइलचा मार्ग माझ्या जुन्या पायथनचा.

म्हणजे काय, तर त्याच झेडएसएचआरसीत तीन ओळी खाली "पायथनपाथ" लिहिलेला होता. कधीकाळी पिपने बसवलेल्या जुन्या पायक्यूटीकडे बोट दाखवणारा. क्यूजीआयएस मी नेहमी टर्मिनलमधून उघडतो, त्यामुळे तो पाथ त्यालाही लागत होता. मी उतरवलेलं तयार पॅकेज इंटेलचं होतं, रोझेटात चालणारं. त्याला ही इंटेलची जुनी फाइल आनंदाने चालली, सोबत दुसरं क्यूटी आत आलं, आणि मग कोसळणं. सुरळी म्हणाल्या होत्या अगदी तेच. माझं नवं एआरएमचं बिल्ड ती फाइल उचलूच शकलं नाही, म्हणून ओरडलं आणि मला कळलं.

ती ओळ काढली. मग गंमत म्हणून तयार पॅकेज पुन्हा उघडलं. प्लगिन व्यवस्थित चालतंय.

---

आंबोळी | रात्री १०:५५

मी काय म्हणाले होते पहिल्या दिवशी?

---

पाणलोट | रात्री १०:५८

"प्लगिन वापरू नका" म्हणाला होतात :)

---

आंबोळी | रात्री ११:००

त्याच्या आधी. डीएमजी ओढा. ओढून फाइंडरमधून डबलक्लिक केलं असतंत तर झेडएसएचआरसी लागलीच नसती आणि हा धागाच निघाला नसता.

---

सापसुरळी | रात्री ११:१२

आंबोळीताईंचा मुद्दा खरा आहे आणि मला तो मान्य करायला त्रास होतोय. तरी पाणलोट यांचा मूळ प्रश्न "अर्थ आहे का" असा होता, तर माझं मत: रोजच्या कामाला नाही. चूक शोधायची असेल, पॅच पाठवायचा असेल, तयार पॅकेजमध्ये नसलेला एखादा ड्रायव्हर हवा असेल, तर हो. आणि तेव्हाही दोन्ही ठेवा. कामाचं वेगळं, बांधलेलं वेगळं, प्रोफाइलही वेगळं.

---

ग्रासआजोबा | गुरुवार, सकाळी ६:१५

मी असहमत. रोजच्या कामाला नसेल, पण एकदा तरी बांधावं. आपल्या नकाशाखाली कोणकोण राबतंय ते त्याशिवाय दिसत नाही. पुढच्या वेळी अपग्रेड करताना मात्र नोंद ठेवा: कोणती आवृत्ती, कुठून आणली, कोणते पर्याय दिले. मी वहीत लिहीत असे. वही अजून आहे, सन वर्कस्टेशन नाही.

---

टर्मिनलबाबा | सकाळी ८:५०

वहीला +१. आणि मॅकओएसची मोठी आवृत्ती बदलली की कमांड लाइन टूल्स परत बसवायला लागू शकतात. "अवैध डेव्हलपर पाथ" असं काही आलं तर घाबरू नका, एक्सकोड-सिलेक्टला इन्स्टॉल सांगा आणि बिल्डचं फोल्डर पुन्हा कोरं करा.

---

खिडकीवाला | सकाळी ९:३०

मी अजूनही पहिल्या मतावर ठाम आहे.

---

उलटसुलट | सकाळी ११:०५

सगळ्यात बिल्ड-बिल्ड झालं, पण विहिरी सगळ्या नीट आल्या ना? मोजून पाहिल्यात? असे बदल केले की मी नेहमी थराची व्याप्ती बघतो. एक बिंदू जरी भलतीकडे असला तरी चौकट लगेच फुगते.

---

पाणलोट | दुपारी १२:४०

बघितली. चौकट माणपासून आर्क्टिकपर्यंत आहे.

२१४ पैकी २१३ दहिवडीच्या आसपास. एक अजून अस्वल बेटापाशी. दोन तास स्क्रिप्ट तपासली, पुन्हा जीडॅल, पुन्हा प्रोज. मग मूळ वही मागवली. आमच्या एका कार्यकर्त्याने जीपीएसवरून उतरवताना त्या एकाच विहिरीचे आकडे उलट्या रकान्यांत लिहिलेत. बाकीच्या सगळ्या बरोबर.

---

कुंपणावरचा | दुपारी १२:४२

पाणी लागलं का पण तिला?

---

पाणलोट | दुपारी १२:४५

भरपूर. खारट आहे.